आरोग्य योजनेची व्याप्ती वाढवताना माणसे आणि पैसा कसा मोजायचा

राज्याने आरोग्य विमा योजना वाढवली की जीआरमध्ये तीन आकडे ठळक असतात: किती कुटुंबे, किती लाखांचे संरक्षण आणि किती उपचार. कार्यालयात किती डॉक्टर, किती आरोग्यमित्र (रुग्णालयात योजनेचे टेबल सांभाळणारे कर्मचारी) आणि किती हिशेबनीस लागतील, हे या तिन्हींपैकी कशावरूनही कळत नाही. ते कळते रोज येणाऱ्या फायली आणि एका फायलीला लागणारी मिनिटे यांच्या गुणाकारावरून. कार्डांच्या संख्येवरून आकृतिबंध (किती पदे लागतील याचा आराखडा) बनवला की पहिल्याच महिन्यात मंजुऱ्या तुंबतात. मग दोष पोर्टलवर ढकलला जातो.

महाराष्ट्राच्या योजनेत हे टप्पे स्पष्ट दिसतात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि उरलेल्या जिल्ह्यांत २१ नोव्हेंबर २०१३ पासून. मधल्या सोळा-सतरा महिन्यांत खऱ्या फायली मोजायला मिळाल्या. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाऊ लागली, तेव्हा टाळेबंदी सुरू होऊन एक आठवडा झाला होता. त्याच वर्षी मे महिन्यात ती कोविडकाळापुरती राज्यातल्या सगळ्या नागरिकांना खुली झाली. पुढे २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण दीड लाखावरून पाच लाख, उपचार १,३५६ आणि पात्रता सर्व शिधापत्रिकाधारकांना असा विस्तार ठरला. तो प्रत्यक्षात आला १ जुलै २०२४ पासून. निर्णय आणि अंमलबजावणी यांमध्ये अकरा महिने गेले म्हणून टीका करता येईल. नियोजन करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र अकरा महिने म्हणजे चैन आहे. बहुतेकांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत.

खालच्या उदाहरणांतले फायलींचे, मिनिटांचे आणि रुपयांचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत. पद्धत तीच ठेवून आपले आकडे भरायचे.

फायलीचा रस्ता आधी कागदावर काढा

रुग्ण रुग्णालयात येतो. आरोग्यमित्र शिधापत्रिका किंवा आयुष्मान कार्ड पाहून ओळख पटवतो आणि नोंदणी करतो. रुग्णालय पूर्वपरवानगी मागते, रोजच्या भाषेत प्री-ऑथ टाकते. पॅनेलवरचा डॉक्टर ती मंजूर करतो, नाकारतो किंवा क्वेरी काढतो, म्हणजे त्रुटी दाखवून फाइल परत पाठवतो. उपचार होतात, रुग्ण घरी जातो, रुग्णालय क्लेम, म्हणजे पैशांची मागणी टाकते. क्लेममध्ये आधी कागदपत्रे पूर्ण आहेत का हे पाहणारा कर्मचारी, मग वैद्यकीय तपासणी करणारा डॉक्टर, मग लेखा आणि शेवटी बँक.

या प्रत्येक थांब्यापुढे चार गोष्टी लिहा: रोजच्या फायली, एका फायलीची मिनिटे, परत येणाऱ्या फायलींचे प्रमाण आणि मुदत. आयुष्मान भारतच्या चौकटीत प्री-ऑथला ६ तास आणि क्लेमला १५ दिवस धरतात, दुसऱ्या राज्यात उपचार झाले असतील तर ३० दिवस. मुदतीतला हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे सगळे गणित त्यावरच फिरते.

मिनिटे विचारून घेऊ नका, मोजा. तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारले तर तीन मिनिटे सांगतात, टीपीए (विमा कंपनी किंवा शासनाच्या वतीने फायली तपासणारी त्रयस्थ संस्था) देयक काढताना पंधरा सांगते. पोर्टलवर फाइल उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ नोंदलेली असते. दोन आठवड्यांची ती नोंद काढून शाखेनुसार मध्यक घ्या. सरासरी घेतली तर जेवणाच्या सुट्टीत उघड्या राहिलेल्या फायली आकडा फुगवतात. शाखेनुसार वेगळे का, तर डायलिसिसच्या फायली संख्येने प्रचंड पण एकसारख्या असतात, दोन-तीन मिनिटांत होतात. केमोथेरपीच्या पहिल्या मंजुरीला उपचारांचा पूर्ण आराखडा वाचावा लागतो. अँजिओप्लास्टीत चित्रफीत पाहावी लागते. सगळ्यांचा एकच दर धरला तर कर्करोगाच्या फायली नेहमी तळाला राहतात, कारण माणूस आधी सोपी फाइल उचलतो.

प्री-ऑथ: सोमवार मोजा

समजा आठवड्याला २७,००० प्री-ऑथ येतात. सोमवारी ५,२००, मंगळवार ते शनिवार रोज ४,००० आणि रविवारी १,८००. सोमवारचा फुगवटा सगळीकडे दिसतो: रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद, शनिवारी संध्याकाळी आलेल्यांची कागदपत्रे अर्धवट, त्यात ठरवून करायच्या शस्त्रक्रियांची भरती आठवड्याच्या सुरुवातीला.

नव्या फाइलला ८ मिनिटे. चार फायलींपैकी एक क्वेरी होऊन परत येते, तिला ५ मिनिटे. म्हणजे आठवड्याचे काम २,१६,००० अधिक ३३,७५०, एकूण २,४९,७५० मिनिटे. डॉक्टर आठ तास बसतो, पण चहा, जेवण, लॉगिन, वरिष्ठांचा फोन आणि रुग्णालयाचा फोन वजा जाता ३६० मिनिटे हातात राहतात. सहा दिवसांचे २,१६०. भागाकार ११५.६. रजा, आजारपण आणि सोडून गेलेल्यांच्या रिकाम्या खुर्च्या मिळून १२ टक्के धरा, म्हणजे ११५.६ भागिले ०.८८. उत्तर १३२.

हा आकडा टिपणीत छान दिसतो आणि सोमवारी तोंडघशी पाडतो. सोमवारचे काम ४८,१०० मिनिटांचे. त्या दिवशी कुणालाच साप्ताहिक सुट्टी दिली नाही तरी १३२ पैकी ११६ हजर असतात आणि ४१,७६० मिनिटे देतात. उरलेल्या ६,३४० मिनिटांत सुमारे ६८५ फायली आहेत. त्या सहा तासांची मुदत मोडून मंगळवारवर जातात. तिकडे तेवढेच रुग्ण खाटेवर पडून मंजुरीची वाट पाहत असतात, काही उपाशीपोटी, शस्त्रक्रियेच्या तयारीने.

सोमवार धरून कायम माणसे घेतली तर १५३ लागतात. ती २१ जादा माणसे बुधवारी मोकळी बसतात आणि लेखापरीक्षणात आक्षेप येतो. त्याऐवजी १३२ कायम ठेवून सोमवारी दुपारी दोननंतर तीन-तीन तासांसाठी ३६ डॉक्टर तासाच्या मानधनावर घ्या. वैद्यकीय महाविद्यालयांतले निवृत्त अध्यापक आणि अर्धवेळ काम हवे असलेले डॉक्टर यासाठी मिळतात. अट एकच: त्यांना महिन्यातून किमान चार पाळ्या मिळाल्या पाहिजेत, नाहीतर उपचारांचे संकेत (कोड) विसरतात आणि मंजुरीपेक्षा क्वेरीच जास्त काढतात.

तातडीच्या रुग्णांसाठी फोनवरून मंजुरी देणारे टेबल या हिशेबात मिसळू नका. तिथे रात्री तीन वाजता एकच फोन येतो, पण त्या एका फोनसाठी माणूस बसलेला लागतो. चोवीस तासांच्या एका खुर्चीला आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. एक माणूस ४८ देतो, रजा धरली की चार माणसे होतात. हे ‘एका खुर्चीला चार’ चोवीस तासांच्या कुठल्याही टेबलाला लागू पडते.

टीपीए शक्यतो कमी पगारात मिळणारे डॉक्टर बसवते. मोतीबिंदू, डायलिसिस आणि साध्या अस्थिभंगाच्या फायलींना ते चालते. हृदय, कर्करोग, मेंदू आणि नवजात अर्भके यांच्यासाठी त्या त्या शाखेचे तज्ज्ञ करारात नावानिशी मागा. ‘पुरेसे तज्ज्ञ उपलब्ध असतील’ असे वाक्य करारात असले तर तज्ज्ञ कधीच उपलब्ध नसतात.

क्वेरी कमी केली की माणसे वाचतात

वरच्याच उदाहरणात क्वेरीचे प्रमाण २५ वरून १२ टक्क्यांवर आणले तर १३२ ऐवजी १२३ डॉक्टर पुरतात. ४० टक्क्यांवर गेले तर १४३ लागतात. माणसे वाढवायचा प्रस्ताव आला की आधी गेल्या महिन्यातल्या ५०० क्वेऱ्या काढून त्यांची कारणे लिहा. बहुतेक वेळा चार-पाच कारणांतच मोठा वाटा निघतो: अस्पष्ट स्कॅन, तारीख नसलेला फोटो, चुकीचा उपचार-संकेत, आधीच जोडलेला कागद पुन्हा मागणे, आणि ‘सविस्तर नोंदी द्या’ असे मोघम वाक्य. शेवटची दोन कारणे आपल्याच डॉक्टरांची आहेत. मुदत संपत आली की घड्याळ थांबवण्यासाठी क्वेरी टाकली जाते. ते बंद करायचे तर क्वेरीनंतरचा वेळही डॉक्टरच्या खात्यात मोजा आणि एका फाइलवर एकच क्वेरी, तीही सगळ्या त्रुटींसह, असा नियम पोर्टलमध्येच बांधा.

उपचारांची यादी बदलते तेव्हा क्वेऱ्या उसळतात. महाराष्ट्रात राज्य योजनेचे ९९६ आणि केंद्राच्या योजनेचे १,२०९ उपचार बराच काळ शेजारी शेजारी चालले, मग १,३५६ झाले. अशा बदलात जुना संकेत कुठल्या नव्या संकेतात गेला, दर किती, कागद कोणते, हा तक्ता रुग्णालयांना किमान सहा आठवडे आधी द्या. बदलानंतरचे पहिले दोन महिने क्वेरीचे प्रमाण नेहमीच्या दीडपट धरून माणसे ठेवा. जुन्या यादीवर भरती झालेल्यांचे क्लेम नंतरही येत राहतात, त्यामुळे तपासणाऱ्याला काही काळ दोन्ही याद्या येणे भाग असते.

क्लेमच्या टेबलाला सरासरी चालते

क्लेमला पंधरा दिवस आहेत. सोमवारचा ढीग शुक्रवारपर्यंत जिरतो, म्हणून इथे आठवड्याची सरासरी धरणे बरोबर. २७,००० पैकी ९२ टक्के क्लेममध्ये उतरले असे समजा, म्हणजे २४,८४०. बाकीचे रुग्ण निघून जातात, उपचार बदलतो किंवा मंजुरीच रद्द होते. डॉक्टरची १२ मिनिटे, पाचातली एक फाइल परत आणि तिला ७ मिनिटे. हिशेब ३,३२,८५६ मिनिटांचा. २,१६० ने भागून रजा धरली की १७६ डॉक्टर.

प्री-ऑथला १३२ आणि क्लेमला १७६. प्रस्तावांत हे हटकून उलटे दिसते, कारण मंजुरी उशिरा झाली की आमदारांचा फोन येतो आणि क्लेम रखडला की फक्त रुग्णालयाचे पत्र येते. पत्रांची दखल घेतली नाही की काही महिन्यांनी रुग्णालये रुग्ण घेणे हळूहळू थांबवतात. ‘खाट रिकामी नाही’ हे त्याचे नेहमीचे रूप.

माणसांच्या भरतीत एक सवलत मिळते. क्लेमचा पूर प्री-ऑथच्या पुरानंतर तीन-चार आठवड्यांनी येतो. तेव्हा प्री-ऑथचे डॉक्टर सुरुवातीच्या दिवशी तयार हवेत, क्लेमचे दोन तुकड्यांत घेता येतात. पहिल्या दिवशी ६० टक्के, पाचव्या आठवड्यात बाकीचे. फक्त दुसऱ्या तुकडीचा कार्यादेश पहिल्याबरोबरच काढून ठेवा.

एकाच डॉक्टरने स्वतः मंजूर केलेल्या प्री-ऑथचा क्लेम तपासू नये. हे पोर्टलमध्ये अडवता येते आणि अडवलेच पाहिजे. माणसे कमी पडली की सर्वांत आधी हाच नियम गुपचूप सैल होतो.

आरोग्यमित्र

‘एका रुग्णालयाला एक’ हे सूत्र ऐकायला सोपे आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, सातही दिवस उघड्या टेबलाला आठवड्याचे ८४ तास लागतात, रजा धरून दोन माणसे. चोवीस तासांच्या टेबलाला चार. सहा दिवस एकाच पाळीत चालणाऱ्या डायलिसिस केंद्राला किंवा नेत्र रुग्णालयाला एक, आणि सात-आठ केंद्रांमागे एक बदली माणूस.

१,००० अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील रुग्णालयांचा हिशेब असा: १५० मोठी, तिथे एक चोवीस तासांचे आणि एक दिवसाचे टेबल, प्रत्येकी ६ म्हणजे ९००. मध्यम ५००, प्रत्येकी २ म्हणजे १,०००. लहान ३५०, बदली माणसे धरून ३९९. एकूण २,२९९. ‘एकास एक’ धरले असते तर १,०००. हा फरक अंदाजपत्रकात दिसला नाही तर तो रात्री अकरा वाजता अपघाताचा रुग्ण घेऊन आलेल्या नातेवाइकांना दिसतो.

मोठी शासकीय रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांना ओपीडीच्या संख्येनुसार जादा टेबल द्या. तिथे बरेच रुग्ण योजनेत बसतात, पण नोंदणीच होत नाही आणि रुग्णालयाचा हक्काचा महसूल बुडतो. हे टेबल स्वतःचा खर्च भरून काढते.

प्रत्येक टेबलाला काय लागते, ते एकदाच लिहून खरेदीला द्या:

संगणक एक, वेबकॅमेरा एक, बोटांचे ठसे घेणारे यंत्र एक आणि पाच टेबलांमागे एक जादा. स्कॅनर-प्रिंटर एक. अर्धा तास टिकणारा यूपीएस. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले इंटरनेट. पोर्टल बंद पडले तर वापरायच्या छापील नोंदणी अर्जांचा गठ्ठा, अनुक्रमांक घातलेला. तक्रार नोंदवही. मराठीत आणि गरजेप्रमाणे हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा गुजरातीत पात्रतेचा फलक.

कन्नडचा उल्लेख उगाच नाही. २०२३ च्या विस्तारात कर्नाटकातल्या सीमाभागातली ८६५ गावे घेतली गेली. तिथल्या कुटुंबाकडे महाराष्ट्राची शिधापत्रिका नसते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांच्या आरोग्यमित्रांना कोणता पुरावा चालतो हे तोंडपाठ नसेल तर माणूस दोनदा परत जातो. अशा अपवादांची यादी जिल्हानिहाय बनवून प्रशिक्षणात वेगळा तास ठेवा.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने सत्तर आणि त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता संरक्षण दिले. वृद्धांच्या बोटांचे ठसे जुळत नाहीत, ओटीपी येतो तो फोन मुलाकडे पुण्यात असतो. एका नोंदणीला दहा मिनिटे धरली असतील तर इथे वीस धरा. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय चालू आहे का, हे रुग्णालयातल्याच उजेडात तपासून पाहा. मुख्यालयातल्या चाचणीत ती नेहमीच चालते.

आरोग्यमित्र रुग्णांची कागदपत्रे स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवतात, कारण पोर्टलवर चढवायला वेळ लागतो. हे सगळ्यांना माहीत असते आणि कुणीच लिहीत नाही. एचआयव्हीचा अहवालसुद्धा असाच फिरतो. बंदीचे परिपत्रक काढून ते थांबत नाही. चांगला स्कॅनर आणि फाइल लहान करणारी सोय दिली की थांबते.

हेल्पलाइन

महाराष्ट्रात १५५३८८ हा क्रमांक आहे. कॉल सेंटरची माणसे दिवसाच्या बेरजेवर काढू नका, गर्दीच्या तासावर काढा. समजा सकाळी दहा ते अकरात ७२० फोन येतात आणि एका फोनला नोंदीसह पाच मिनिटे. म्हणजे ६० माणसे न थांबता बोलत राहतील एवढे काम. ६० च बसवली तर रांग वाढतच जाते. दहापैकी आठ फोन वीस सेकंदांत उचलायचे असतील तर ६७ लागतात. घोषणेनंतरचे पहिले चार-सहा आठवडे फोन दुप्पट-तिप्पट होतात आणि बहुतेक प्रश्न एकच असतो: माझे नाव आहे का? त्यासाठी माणूस नको, शिधापत्रिकेचा क्रमांक दाबून उत्तर देणारी यंत्रणा हवी. माणसे तक्रारींसाठी राखा, विशेषतः ‘रुग्णालय पैसे मागतंय’ या तक्रारीसाठी. ती रुग्ण खाटेवर असतानाच सुटली पाहिजे, म्हणून हेल्पलाइनवरून थेट त्या जिल्ह्याच्या समन्वयकाला फोन जोडता आला पाहिजे.

दक्षता पथक

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये आयुष्मान भारत योजनेवर अहवाल दिला. एकाच मोबाइल क्रमांकाला साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी जोडलेले होते आणि आधी मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे नंतरही उपचार झाल्याच्या नोंदी होत्या. दोन्ही गोष्टी विदा (डेटा) पाहणाऱ्या एका चांगल्या माणसाला दुपारभरात सापडण्याजोग्या. तेव्हा पथकात पहिली नेमणूक अशा माणसाची करा, गाड्या नंतर.

रोज पाहायच्या गोष्टी: एका डॉक्टरच्या नावावर दिवसाला शक्यच नाहीत इतक्या शस्त्रक्रिया, खाटांपेक्षा जास्त दाखल रुग्ण, शुक्रवारी दाखल आणि सोमवारी डिस्चार्ज असा ठरलेला नमुना, एकाच गावातून एकाच आठवड्यात एकाच रुग्णालयात आलेले समूह, एकच एक्स-रे दोन फायलींना. मृत्यूची प्रकरणे सगळीच तपासा. प्रत्यक्ष भेटीसाठी दोन-तीन जिल्ह्यांना मिळून एक डॉक्टर आणि एक लेखा जाणणारा माणूस अशी जोडी, शेजारच्या विभागातली. आपल्याच जिल्ह्यात तपासणी करणाऱ्याची गाडी निघायच्या आधी बातमी पोचते.

तपासणाऱ्याचे मानधन नाकारलेल्या क्लेमच्या रकमेशी जोडू नका. तो खरेही क्लेम नाकारू लागतो आणि मग तक्रार निवारणाला वेगळी माणसे घ्यावी लागतात.

पैसा

शासनाने स्वतः क्लेम भरायचे की विमा कंपनीला हप्ता द्यायचा, यावर रोख रकमेचे नियोजन बदलते. महाराष्ट्रात २०२० नंतर काही वर्षे दोन्ही एकत्र होते: दीड लाखापर्यंत विमा कंपनी, त्यावर पाच लाखांपर्यंत राज्य आरोग्य हमी सोसायटी, म्हणजे योजना राबवणारी शासनाची संस्था. अशा मिश्र रचनेत एका मोठ्या शस्त्रक्रियेचे देयक दोन खिशांतून जाते. लेखा विभागात दोन्ही रकमा जुळवायला स्वतंत्र माणसे लागतात, नाहीतर रुग्णालयाला दीड लाख जूनमध्ये आणि उरलेले दिवाळीत मिळतात.

थेट भरणा असेल तर हिशेब सोपा पण निष्ठुर. २४,८४० क्लेम आणि सरासरी २२,००० रुपये धरले तर आठवड्याला ५४.६५ कोटी, वर्षाला साधारण २,८४२ कोटी. रुग्ण घरी गेल्यापासून पैसे पोचेपर्यंत तीस दिवस लागतात असे समजले तर कुठल्याही दिवशी सुमारे २३४ कोटींचे देणे डोक्यावर असते. ३१ मार्चलाही असते, आणि ते पुढच्या वर्षाच्या तरतुदीतून जाते. विस्ताराच्या वर्षी हा आकडा विसरला की पुढचे वर्ष तुटीनेच सुरू होते.

खात्यात किमान सहा आठवड्यांची रक्कम, इथे ३२८ कोटी, फिरती ठेवा. कारण एप्रिल आणि मे हे कोरडे महिने: अर्थसंकल्प मंजूर असला तरी निधी वितरण प्रणालीवर पैसे दिसायला वेळ लागतो. पुरवणी मागणीची संधी पावसाळी अधिवेशनात आणि डिसेंबरात नागपूरला मिळते. डिसेंबरात मागायचे असेल तर ऑक्टोबरात नस्ती (सरकारी फाइल) हलली पाहिजे. केंद्राचा ६० टक्के वाटा फक्त केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांसाठी असतो. महाराष्ट्रात ती सुमारे ८४ लाख, राज्य योजनेतली त्यापेक्षा कितीतरी जास्त. तो हप्त्यांनी येतो आणि आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) मागतो. हे प्रमाणपत्र बनवणे हे एका माणसाचे पूर्णवेळ काम समजा.

विमा पद्धतीत शासनाकडे माणसे कमी लागतात हे खरे, पण ‘कंपनी आहे, आपल्याला कशाला’ असे म्हणून करार पाहणारेही काढून टाकले जातात. किमान एक विमागणिती (हप्ता किती असावा याचे गणित करणारा) सल्लागार, करार सांभाळणारे दोघे-तिघे, आणि कंपनीने नाकारलेल्या क्लेमचे नमुने तपासणारे डॉक्टर सोसायटीकडे हवेतच. नाहीतर पुढच्या निविदेत हप्ता किती असावा हे कंपनीच सांगते.

भरती आणि वेळापत्रक

सहा महिने आधी फायलींचा अंदाज आणि आकृतिबंध. पाच महिने आधी वित्त विभाग. इथे पदनिर्मितीची नस्ती आणि बाह्ययंत्रणेची (एजन्सीमार्फत माणसे घेण्याची) नस्ती वेगळी ठेवा, एकत्र गेल्या तर पहिलीवरच्या शेऱ्याने दुसरीही अडते. चार महिने आधी निविदा. निवडणूक जवळ असेल तर आचारसंहितेच्या आधी कार्यादेश हातात पडेल अशी उलटी तारीख काढा. अडीच महिने आधी माणसे रुजू.

प्रतिनियुक्तीवर भरवसा ठेवू नका. आदेश निघतो, मूळ विभाग कार्यमुक्त करत नाही. दहा मागितले तर सुरुवातीच्या दिवशी पाच मिळतील असे धरा. निर्णय घेणारी आणि सही करणारी पदे तरीही शासकीयच ठेवा. कंत्राटी माणसाच्या सहीने कोट्यवधी रुपये सुटू लागले तर पुढे चौकशीत उत्तर देणारा कुणी उरत नाही.

बाह्ययंत्रणेच्या करारात तीन कलमे सोडू नका. वेतन दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीचे चलन जोडल्याशिवाय एजन्सीचे पुढचे देयक नाही. रिकामी जागा पंधरा दिवसांत भरली नाही तर दंड. एजन्सी बदलली तरी अनुभवी माणसांना नव्या एजन्सीत प्राधान्य. आरोग्यमित्रांचे पगार थकले की संप होतो, आणि संप झाला की नोंदणी थांबते, म्हणजे बाकीचे सगळे टेबल रिकामे.

प्रशिक्षण पाच दिवस वर्गात आणि दहा दिवस जुन्या डॉक्टरच्या शेजारी. या दहा दिवसांत नव्याची प्रत्येक फाइल जुना पाहतो, म्हणून जुन्याचे काम निम्मे धरा. हे न धरल्यामुळे नवी माणसे आल्याच्या आठवड्यात थकबाकी वाढते आणि वरून विचारणा होते की माणसे देऊनही असे का. पन्नास जुन्या फायलींची चाचणी घ्या, पंचेचाळीस बरोबर आल्याशिवाय स्वतंत्र लॉगिन देऊ नका.

जुना करार संपताना

विमा कंपनी किंवा टीपीए बदलते तेव्हा जुनीकडच्या माणसांना नोकरी जाणार हे दोन महिने आधी कळते. ती निघून जातात आणि शेवटच्या महिन्याचे क्लेम कुणी पाहत नाही. करारात लिहून घ्या: कोणत्या तारखेपर्यंत भरती झालेले रुग्ण जुन्या कंपनीचे, त्यांचे क्लेम निपटायला सहा महिने, तोवर ठरावीक डॉक्टर हजर, आणि शेवटच्या देयकातली दहा टक्के रक्कम थकबाकी शून्य झाल्यावरच. ‘भरतीची तारीख’ की ‘मंजुरीची तारीख’ हे एकाच शब्दात ठरवा. दोन्ही शब्द करारात आले तर ३० जूनच्या रात्री दाखल झालेल्या आणि १ जुलैला मंजुरी मिळालेल्या रुग्णाचे पैसे दोन्ही कंपन्या एकमेकींकडे ढकलतात.

बदलाच्या आठवड्यात दोन्ही पोर्टले जाणणारे किमान दहा-पंधरा डॉक्टर सोसायटीच्या स्वतःच्या पटावर असू द्या. आणि जुन्या पोर्टलची विदा पूर्ण स्वरूपात, जोडलेल्या कागदांसह, करार संपायच्या महिनाभर आधी एकदा उतरवून घ्या, शेवटच्या दिवशी पुन्हा एकदा. केमोथेरपी आणि डायलिसिसचे रुग्ण अर्ध्या उपचारात असतात. त्यांच्या मंजुऱ्या नव्या पोर्टलवर आपोआप पुढे आल्या नाहीत तर १ तारखेला सकाळी सगळ्यांत आधी तेच रांगेत उभे असतात. त्यांची नावनिशी यादी जिल्हा समन्वयकाकडे आदल्या संध्याकाळी छापील स्वरूपात पोचवा.